संकटाचं बिल कोणाच्या नावावर फाटतं? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणीत माझं जीएसटी रिटर्न भरण्याचं आणि लोकांचे अर्ज लिहून देण्याचं लहानसं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगा गावांत शिरल्या. तेव्हापासून पूर, कोरोना, दुष्काळ असं काही ना काही चालूच आहे आणि दर वेळी तेच प्रश्न फिरून येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला उत्तरं देऊन बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. अर्ज कसा भरायचा हे इथे फारसं नाही. सरकारने केलेला खर्च कुणाच्या खिशातून निघतो आणि कुणाच्या निघायला हवा, तेवढंच आहे.

१. पूरग्रस्तांना मिळालेले पैसे नक्की येतात कुठून?

तीन ठिकाणांहून. पहिला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे एसडीआरएफ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात त्याची तरतूद आहे. कर्नाटकासारख्या राज्यात त्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे पैसे असतात. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना हेच प्रमाण ९०-१० आहे. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधी, एनडीआरएफ. बोटी घेऊन येणाऱ्या जवानांच्या दलालाही एनडीआरएफच म्हणतात, त्यामुळे "एनडीआरएफ येऊन गेली, पैसे कुठे आहेत?" असं विचारणारे बरेच भेटतात. दल वेगळं, निधी वेगळा. तिसरी जागा राज्याची स्वतःची तिजोरी.

२०१९ चे दहा हजार घ्या. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला केंद्राच्या मापदंडाने, म्हणजे कशाला किती मदत याच्या ठरलेल्या दरांनी, ३,८०० रुपये बसत होते. कपड्यांचे १,८०० आणि भांड्यांचे २,०००. राज्याने वरून ६,२०० घातले. ३,८०० मधले २,८५० केंद्राचे आणि ९५० राज्याचे धरले, तर दहा हजारांतले ७,१५० बेंगळूरच्या तिजोरीतून आले. भाषणं मात्र दोन्हीकडच्यांनी दहा हजारांचीच केली.

२. आम्ही इन्कम टॅक्स भरत नाही, मग हे आमच्या पैशातून कसं?

मोबाइलचा रिचार्ज मारता ना? त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २९९ चा रिचार्ज म्हणजे साधारण ४५ रुपये सरकारजमा. ते कारखान्याच्या चेअरमनने मारले काय आणि ऊसतोडणीच्या बाईने मारले काय, ४५ च. तिच्या दिवसाच्या मजुरीत ते किती आणि त्याच्या कमाईत किती, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. "कर भरणाऱ्यांच्या पैशावर फुकटे जगतात" असं कट्ट्यावर कुणी म्हणालं की मी त्याला रिचार्जची पावती दाखवतो.

३. जर्द्याच्या पुडीवर भूकंपाचा कर असतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि निपाणीकरांनाच ते माहीत नसावं याचं मला नवल वाटतं. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने 'राष्ट्रीय आपत्ती आकस्मिकता शुल्क' आलं. सिगारेट, पानमसाला, जर्दा अशा मालावर ते बसलं. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बाकी बऱ्याच वस्तूंवरचं उत्पादन शुल्क गेलं, पण तंबाखूवरचं हे शुल्क टिकलं. प्रश्न १ मधल्या राष्ट्रीय निधीला पैसा पुरवण्याची मुख्य सोय हीच आहे.

एवढ्यावर थांबलं नाही. कोरोनात जीएसटीची वसुली पडली. राज्यांना कबूल केलेली भरपाई देता यावी म्हणून केंद्राने दोन वर्षांत १.१ लाख कोटी आणि १.५९ लाख कोटी असं मिळून २.६९ लाख कोटींचं कर्ज काढलं. ते फेडायचं कशातून, तर काही मालावर जीएसटीच्या वर बसणाऱ्या भरपाई उपकरातून. म्हणून जून २०२२ मध्ये संपणारा उपकर मार्च २०२६ पर्यंत वाढवला. सप्टेंबर २०२५ मध्ये गाड्या, कोल्ड्रिंक वगैरेंवरचा तो निघाला, पण तंबाखूच्या पदार्थांवरचा कर्ज फिटेपर्यंत ठेवला. थोडक्यात, देशाच्या कोरोनाच्या कर्जाचे शेवटचे हप्ते जर्दा आणि सिगारेटवाल्यांनी भरले.

तंबाखूवर जबर कर असावा, माझं काही म्हणणं नाही. माझ्या सख्ख्या चुलत्यांचा जबडा तंबाखूने गेला. पण व्यसन सुटावं म्हणून लावलेला कर वेगळा आणि संकटाचा खर्च काढायला लावलेला वेगळा. दुसऱ्याची भिस्त लोक खात राहतील यावरच असते. शिवाय तळहातावर चुना मळणारे बहुतेक हमाल, ट्रकवाले, गवंडी. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच गावात महामार्गावर बसले होते. भाव मागणारा तंबाखूवाला तेव्हा देशाने पाहिला. कर भरणारा अजून कुणी पाहिलेला नाही.

४. कोरोनाचा बाकीचा खर्च कुणी भरला?

सगळ्यात मोठा वाटा कर्जाचा. २०२०-२१ मध्ये केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. अंदाजपत्रकात ३.५ टक्के धरली होती. राज्यांनाही कर्जाची मर्यादा ३ वरून ५ टक्के करून दिली आणि कर्नाटकाने त्यासाठी आपला कायदा दुरुस्त करून घेतला.

दुसरा वाटा डिझेल-पेट्रोलचा. मार्च २०२० च्या सुरुवातीला लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क डिझेलवर १५.८३ आणि पेट्रोलवर १९.९८ रुपये होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात ते ३१.८३ आणि ३२.९८ झालं. डिझेलवरचं दोन महिन्यांत दुप्पट! जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं, त्यामुळे पंपावरचा भाव तेव्हा तेवढा टोचला नाही. स्वस्त तेलाचा फायदा आपल्यापर्यंत आलाच नाही, एवढंच. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे महाराष्ट्रातल्या गाड्या स्वस्त डिझेल भरायला थांबतात. त्या रांगेत उभं राहून लोक दोन राज्यांच्या करातल्या फरकावर तावातावाने बोलतात, पण दोन्हीकडे सारखाच कापला जाणारा केंद्राचा आकडा कुणाच्या तोंडी नसतो. आणखी एक मेख आहे. ही वाढ बहुतांशी उपकर आणि विशेष शुल्क म्हणून केली होती, आणि त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही.

तिसरा वाटा पगारदारांचा. केंद्रीय कर्मचारी आणि पेन्शनर यांचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते जानेवारी २०२० ते जून २०२१ गोठवले, मागची बाकी मिळाली नाही. कर्नाटकानेही तोच कित्ता गिरवला.

आणि कुणी भरला नाही? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केला होता. वर्षाला १.४५ लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. सहा महिन्यांत कोरोना आला तरी तो निर्णय जागचा हलला नाही. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलवरचा कर दुप्पट झाला, आणि कोरोनात नफा वाढलेल्या कंपन्यांचा कमीच राहिला.

५. सरकार कर्ज काढतं म्हणजे आपल्या नातवंडांच्या डोक्यावर बोजा टाकतं, बरोबर ना?

कशासाठी काढलं त्यावर आहे. दर पावसाळ्यात कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात आणि शाळा, दवाखाना, दूध डेअरी सगळ्यांनाच दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा पडतो. तिथे उंच पूल बांधला तर पन्नास वर्षं टिकेल. मग त्याचे पैसे फक्त २०२६ च्या करदात्यांनीच का द्यावेत? नातू त्यावरून मोटारसायकल पळवणार आहे, थोडा हप्ता त्यानेही भरावा. काळजी केंद्रातल्या, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यातल्या, आठ दिवसांच्या भाताचं कर्ज मात्र त्याच्या गळ्यात घालणं बरोबर नाही. त्यासाठी आधीपासून शिल्लक टाकून ठेवलेला निधी हवा.

पण "नातवंडं विरुद्ध आपण" ही मांडणी अर्धवट आहे. सरकारचे कर्जरोखे घेतं कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे व्याजही पुढच्या पिढीतल्याच कुणाला तरी मिळणार. ज्यांच्या आजोबांच्या नावे ठेवी आणि पॉलिसी होत्या त्यांना व्याज, आणि ज्यांच्या आजोबांच्या नावे सोसायटीची थकबाकी होती त्यांना कर. भांडण आहे ते इथे.

६. मग नोटा छापून वाटल्या तर?

वित्तीय जबाबदारीच्या कायद्याने २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारचे नवे रोखे थेट विकत घेता येत नाहीत, तातडीच्या अपवादांची वाट सोडली तर. आणि माल नसताना पैसा वाढला की भाव चढतात. ज्याची मजुरी हंगामाच्या सुरुवातीला ठरते, त्याच्या हातातलं वजन घटतं. पावती न फाडता घेतलेला कर म्हणा.

७. २०१९ ला कर्नाटकाने हजारो कोटींचं नुकसान सांगितलं, केंद्राने थोडेच दिले. उरलेले कुणी भरले?

राज्याने सांगितलेलं नुकसान ३५,००० कोटींच्या वर होतं. केंद्राच्या उच्चस्तरीय समितीने जानेवारी २०२० मध्ये मंजूर केले १,८६९.८५ कोटी. पक्षाचं राजकारण बाजूला ठेवलं तरी एवढी दरी राहतेच, कारण केंद्र नुकसान मोजत नाही, मापदंड मोजतं. पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला तेव्हा ९५,१०० रुपये. पिकाला दोन हेक्टरपर्यंतच, तेही ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर. विहीर गाळाने भरली, दुकानातला माल भिजला, याला रकानाच नाही.

काही भार राज्याने उचलला. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले. उरलेला सगळा घरच्यांनी. दूधगंगेकाठच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. मातीचं घर, तीन भिंती बसल्या होत्या, रस्त्याकडची चौथी उभी. पाहणीला आलेल्यांनी त्या उभ्या भिंतीवर खडूने 'सी' लिहिलं. सी म्हणजे थोडी पडझड, पन्नास हजार. मावशी म्हणाल्या, "ती भिंत मीच ढकलली असती तर बरं झालं असतं की हो." मी फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला, दोनदा. दरम्यान म्हैस गेली, मंगळसूत्र सोनेतारणावर गेलं, थोरल्या मुलीची बारावी थांबली. पाच लाख आणि पन्नास हजार यांच्यामधले साडेचार लाख त्या खडूच्या एका अक्षराने सरकारच्या खात्यातून मावशींच्या खात्यात गेले, खर्चाच्या बाजूला.

८. पाणी महाराष्ट्रातून आलं. मग भरपाई महाराष्ट्राने द्यायला नको का?

राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेचं पाणी येताना आपण कोयनेकडे बोट दाखवतो, सांगली-कोल्हापूरवाले अलमट्टीकडे. २००५ च्या कायद्यात शेजारच्या राज्याकडून भरपाई वसूल करायची सोय नाही. कृष्णा लवाद पाणी वाटून देतो, पुराची बिलं वाटत नाही. खर्च ज्याच्या हद्दीत नुकसान झालं त्याचा. मला विचाराल तर दोन्ही राज्यांनी विसर्गाची आगाऊ खबर देणारी यंत्रणा निम्म्या-निम्म्या पैशात चालवावी. दहा तास आधी कळलं तर निदान जनावरं तरी बाहेर निघतात.

९. सीमाभागातल्या मराठी माणसाला महाराष्ट्र सरकारची आपत्तीची मदत मिळते का?

पुराची, दुष्काळाची नाही. ती कर्नाटकाकडूनच, कारण कर आणि निधी दोन्ही इथले. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांसाठी २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन सरकारांत जुंपलीही. पण तो आजारपणाचा खर्च. त्याचा भार पुण्या-मुंबईच्या करदात्यावर, आपल्यावर नाही. उपकार म्हणायचे की २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचं व्याज, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१०. घर निपाणी तालुक्यात, शेत कागल तालुक्यात. मदत कुणाकडून?

घराची घर जिथे आहे तिथून, पिकाची जमीन जिथे आहे तिथून. इथला उतारा तिथे चालत नाही आणि तिथला सातबारा इथे. हद्दीवरची बरीच कुटुंबं यात फसतात. दोन्ही तहसीलदारांकडे वेगवेगळे अर्ज करा आणि "मी तिकडेही अर्ज केला आहे" हे लपवू नका. त्यात गैर काही नाही, नुकसान दोन आहेत.

११. जमीन मालकाची, वाट्याने मी करतो. पीक माझं बुडालं, पैसे त्याच्या खात्यात गेले. हे कसं?

उताऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात. वाटा आणि खंड बहुतेक तोंडी असतात, त्यामुळे कागदावर तुम्ही नसताच. मालक भला असेल तर देतो. नाही दिले तर गावच्या पंचांपुढे बसण्यापलीकडे मला तरी वाट सापडलेली नाही. मदतीच्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात मोठं भोक आहे. बियाणं-खताचा खर्च करणारा एक, भरपाई घेणारा दुसरा.

१२. कर्जाचे हप्ते पुढे ढकलले म्हणजे सरकारने भरले ना?

नाही. बँक पुनर्गठन करते तेव्हा मुदत वाढते, व्याज चालूच राहतं. कोरोनात मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबले तेव्हाही व्याजाचं मीटर फिरत होतं. व्याजावरचं व्याज तेवढं, दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांचं सरकारने भरलं. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळ्यांनाच माफ करायला सांगितलं. साधं व्याज तुमचंच.

जुनी माणसं शेतसाऱ्याबाबत 'सूट-तहकुबी' म्हणत, त्यात हा फरक नेमका होता. सूट म्हणजे माफ, तहकुबी म्हणजे नंतर भरा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हा टापू होरपळला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे साऱ्यात सूट मिळावी असं गाऱ्हाणं मांडलं होतं. आज बँकेत गेलात तर एवढंच विचारा: साहेब, ही सूट की तहकुबी?

१३. संकटासाठी वेगळा कर लावण्याची पद्धत आहे का?

जुनी आहे. भारतात इन्कम टॅक्स आला तोच १८६० मध्ये, १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला. बंड मोडण्याचा खर्च ज्यांच्यावर मोडलं त्यांच्याकडूनच! १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीला पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. कोल्हापूर-पुण्यात नोकरी करणारे आपले लोक दरमहा २०० रुपये कापून घेतात, पण ते का सुरू झालं हे त्यांना ठाऊक नसतं. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या दुष्काळी मजुराचं काम पोसायचं, असा तो करार होता. इतका सरळ करार मला दुसरा माहीत नाही.

अलीकडचं उदाहरण केरळचं. २०१८ च्या महापुरानंतर त्यांनी १ ऑगस्ट २०१९ पासून दोन वर्षं १ टक्का पूर उपकर लावला. पाच टक्के आणि त्याखालच्या दराच्या वस्तू बहुतांश वगळल्या आणि ३१ जुलै २०२१ ला तो खरंच बंद केला. मुदत संपल्यावर बंद झालेला कर, हे मी दुकानात लोकांना तिसऱ्यांदा सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

१४. तुमच्या मते संकटाचा खर्च कुणी भरावा?

संकटात ज्यांचं उत्पन्न घटलं नाही किंवा वाढलं, त्यांनी आधी. म्हणजे वरच्या पायरीच्या इन्कम टॅक्सवर आणि कंपन्यांच्या नफ्यावर अधिभार (करावरचा जादा कर), आणि तोही केरळासारखा तारीख घातलेला. अधिभारात एक खोट आहे: केंद्राने लावला तर त्यातला वाटा राज्याला मिळत नाही (प्रश्न ४ मधली मेख हीच), आणि पुराची खरी पदरमोड तर राज्यच करतं. तेव्हा तो थेट आपत्ती निधीत जायला हवा. टिकाऊ कामं कर्जातून (प्रश्न ५). डिझेल, रिचार्ज, जर्दा यांतून नको, कारण तिथे बुडालेला आणि तरलेला सारखंच भरतो.

यावर माझे एक व्यापारी मित्र म्हणतात, "आम्हीही पुरात बुडालो, आमच्यावर अधिभार का?" बरोबर आहे. चिकोडी-निपाणीकडच्या कितीतरी दुकानदारांचा माल गेला आणि त्यांना मापदंडात काहीच मिळालं नाही. म्हणून तर उलाढालीवर नको, नफ्यावर म्हणतो. बुडालेल्याला नफा नसतो.

१५. मदत उशिरा मिळाली तर व्याज मिळतं का?

मिळत नाही. २०२३ च्या खरिपात राज्यातले २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. कर्नाटकाने केंद्राकडे १८,१७१ कोटी मागितले. मार्च २०२४ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिलमध्ये सुमारे ३,४५० कोटी सुटले. तोवर शेतकऱ्याच्या हातात राज्याने आगाऊ दिलेले दोन हजारांपर्यंतचे पैसे होते. या आठ महिन्यांत बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी बाईने बचत गटातून किंवा फायनान्सवाल्याकडून पन्नास हजार २४ टक्क्यांनी उचलले असतील तर व्याज झालं आठ हजार. फायनान्सवाला आठवड्याला दारात येतो. त्याला "केंद्राकडे प्रस्ताव गेलाय" असं सांगून चालत नाही. ते आठ हजार ना बेंगळूरच्या अंदाजपत्रकात दिसतात ना दिल्लीच्या.

आपल्या हातात यातलं एकच आहे. नुकसानीचा अर्ज दिला की पोच घ्या आणि पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही आहेत का बघा. पुढे वाद झाला तर उशीर कुणाकडून झाला हे तोच कागद सांगतो. तारीख पेन्सिलने घातली असेल तर तिथेच उभं राहून पेनने घालून घ्या.